एक वजनकाटा, दोन प्रोग्राम आणि अकरा बाइटची लॉक फाइल

मशीद बंदरला सुक्या मेव्याचं एखादं घाऊक दुकान असतं तसं दुकान समजा. गल्ल्याशेजारी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, काट्याच्या पाठीतून निघालेली आरएस-२३२ची (एकामागून एक अक्षर पाठवणाऱ्या जुन्या सीरियल पद्धतीची) केबल, तिला लॅमिंग्टन रोडवरून आणलेला यूएसबी कन्व्हर्टर आणि दुसऱ्या टोकाला लिनक्सवर चालणारा जुना डेस्कटॉप. काट्यावर बदामाची गोण ठेवली की काटा सेकंदाला कितीतरी वेळा तेच वजन पाठवत राहतो: १२.४५०, १२.४५०, १२.४५०. बिलाचा प्रोग्राम त्यातलं एक उचलतो आणि बिलात टाकतो. पुढे शेटजींना वाटतं की गोदामाचा हिशेबही आपोआप लागावा. कोणाचा तरी भाचा पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून देतो, तोही त्याच काट्यावरून वजन वाचतो. आणि मग एके दिवशी बिलावर १२.४५० किलोच्या जागी १.४५० किलो छापलं जातं.

काटा बिघडलेला नसतो, केबल सैल नसते आणि दोन्ही प्रोग्राम एकेकटे चालवले तर बिनचूक चालतात. गडबड दोघांनी एकाच वेळी पोर्ट, म्हणजे केबल मशीनला जिथे लागते ते दार, उघडण्यात आहे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक सीरियल पोर्टसाठी आलेल्या अक्षरांची एकच रांग ठेवतो. जो प्रोग्राम आधी वाचेल त्याच्या हातात ती अक्षरं पडतात आणि रांगेतून कायमची जातात, दुसऱ्यासाठी प्रत उरत नाही. बिलवाल्याने ‘१’ उचलला, मधला ‘२’ गोदामवाल्याकडे गेला, उरलेलं ‘.४५०’ परत बिलवाल्याकडे आलं, की झालं १.४५०. याहून वाईट म्हणजे हा आकडा दिसायला अगदी खराखुरा आहे. कचरा आला असता तर कोणीतरी लगेच ओरडलं असतं. साध्या काट्यांच्या सततच्या प्रवाहात बहुतेक वेळा चेकसमही (आकडा बरोबर आला का ते पडताळायची खूण) नसतो, त्यामुळे अर्धवट आकडा ओळखायला प्रोग्रामकडे काही साधन नाही.

वाचण्याचं सोडा, पोर्टची सेटिंगही सामायिक असते. बॉड रेट (अक्षरं पाठवण्याचा वेग), पॅरिटी, स्टॉप बिट या गोष्टी पोर्टला चिकटलेल्या असतात, तो उघडणाऱ्या प्रोग्रामला नाही. एकाने ९६०० लावलं आणि नंतर आलेल्याने ११५२०० लावलं तर पहिल्याला काही न कळता चिन्हांचा पाऊस सुरू होतो. काही उपकरणांना तर नुसतं पोर्ट उघडणंही चालत नाही. अर्डुइनो ऊनो या छोट्या सर्किट बोर्डाचा पोर्ट उघडला की डीटीआरची (‘मशीन तयार आहे’ असं सांगणारी) तार हलते आणि बोर्ड रिसेट होतो. म्हणजे ‘फक्त बघतो चालू आहे का’ म्हणून दुसऱ्या खिडकीत पोर्ट उघडलात तरी पहिल्याचं चालू काम गेलं.

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या माणसाला हे सगळं चमत्कारिक वाटतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. विंडोजवर कॉम पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. दुसरा गेला की ‘ॲक्सेस इज डिनाइड’ ऐकून परत येतो. लिनक्स मात्र दुसऱ्यालाही खुशाल दार उघडतं. याचं कारण जुनं आहे. युनिक्समध्ये सीरियल पोर्ट म्हणजे मुळात टर्मिनल (माणसाचा कळफलक आणि पडदा), आणि एका टर्मिनलवर एकाच वेळी शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम), त्याने सुरू केलेला एडिटर, एडिटरने सुरू केलेला आणखी काही असे बरेच प्रोग्राम रीतसर बसलेले असतात. त्यांना अडवलं तर टर्मिनलच चालणार नाही. म्हणून ‘एका वेळी एकच’ हा नियम कर्नलने घातला नाही, तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आपसात ठरवला. त्या ठरावाचं नाव लॉक फाइल.

परळच्या डेपोत कोकणात जाणाऱ्या एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसं हे आहे. रुमालात कोणाला अडवायची ताकद नसते. तो उचलून बाजूला ठेवून बसणाऱ्याला कंडक्टरही काही म्हणणार नाही. तरी रुमाल चालतो, कारण चढणारे बहुतेक जण तो मानतात. लॉक फाइलही तशीच. पोर्ट उघडण्याआधी ठरलेल्या जागी ठरलेल्या नावाची फाइल आहे का ते बघायचं. असेल तर मागे फिरायचं, नसेल तर स्वतःची ठेवायची, काम झालं की काढायची. कर्नलला या फाइलचा आणि पोर्टचा काही संबंध आहे हे ठाऊकच नसतं.

ही पद्धत आली कुठून

मोडेममधून, म्हणजे मशीनला टेलिफोनच्या तारेशी जोडणाऱ्या यंत्रातून. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्समध्ये माइक लेस्क यांनी यूयूसीपी लिहिलं. एका युनिक्स मशीनने टेलिफोनवरून दुसऱ्याला फोन लावायचा, फाइली आणि मेल द्यायचे-घ्यायचे आणि फोन ठेवायचा, असं ते काम. मशीनला मोडेम एखाददुसराच असायचा आणि त्यावर हक्क सांगणारे बरेच. यूयूसीपी मेल पाठवायला मोडेम मागणार, ‘सीयू’ वापरून कोणी माणूस दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला तोच मागणार, आणि गेटी नावाचा प्रोग्राम बाहेरून येणाऱ्या फोनची वाट बघत त्यावरच बसलेला. मधेच दुसरा घुसला तर चालू कॉलचा विचका. लॉक फाइलची रीत इथे रुळली.

मुंबईचाही या गोष्टीशी संबंध आहे. भारतात एर्नेट हे शिक्षण आणि संशोधन संस्थांचं नेटवर्क १९८६-८७ मध्ये सुरू झालं ते डायल-अपवर, आणि त्याची सुरुवातीची सेवा यूयूसीपीवरचा मेल हीच होती. जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी या त्यात सहभागी झालेल्या संस्था. दिल्ली-मुंबई ९.६ केबीपीएसची लीज्ड लाइन (कायम जोडलेली लाइन) आली ती १९९१च्या जानेवारीत. त्याआधी मेल जायचा तो मोडेमने नंबर फिरवून.

१९८३ मध्ये यूयूसीपीची नवी आवृत्ती आली. पीटर हनीमन, डेव्हिड ए. नोविट्झ आणि ब्रायन ई. रेडमन या तिघांच्या लॉगिन नावांवरून तिला हनी डॅनबर म्हणतात, थोडक्यात एचडीबी. लॉक फाइलचा आजचा साचा तिचाच. लिनक्सच्या फाइल-रचनेच्या मानकात तो जसाच्या तसा लिहून ठेवलेला आहे. फाइल /व्हार/लॉक या फोल्डरमध्ये ठेवायची. आजच्या बहुतेक मशीनवर हे नाव /रन/लॉक कडे बोट दाखवतं. नाव द्यायचं एलसीके, मग दोन टिंबं, मग पोर्टचं नाव. म्हणजे /डेव्ह/टीटीवाययूएसबी० (यूएसबी कन्व्हर्टरच्या पोर्टचं लिनक्समधलं नाव) साठी फाइल झाली ‘एलसीके..टीटीवाययूएसबी०’. आत फक्त पोर्ट धरून बसलेल्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक, म्हणजे पीआयडी. तो दहा अक्षरांच्या जागेत उजवीकडे सरकवून लिहायचा आणि शेवटी नवी ओळ. पीआयडी ४८१७ असेल तर सहा रिकाम्या जागा, चार आकडे आणि ओळ संपल्याची खूण, एकूण अकरा बाइट.

आकडा अक्षरांत लिहिण्यामागे शहाणपण आहे. त्याआधीच्या पद्धतीत पीआयडी चार बाइटच्या बायनरीत (मशीनच्याच रूपात) लिहीत, आणि तो वाचायला माणसाला वेगळा प्रोग्राम लागायचा. अक्षरांत असला की रात्री अकरा वाजता फोनवरूनही ‘कॅट या आज्ञेने फाइल बघा आणि आकडा सांगा’ म्हणता येतं. मात्र दुसऱ्याची फाइल वाचताना थोडं सैल असावं. काही प्रोग्राम त्याच ओळीत पुढे स्वतःचं किंवा वापरणाऱ्याचं नाव लिहितात, म्हणून पहिला आकडा तेवढा घ्यावा. फाइल नेमकी चार बाइटची निघाली तर ती जुन्या बायनरी वळणाची समजावी.

फाइल बनवताना

नवखा प्रोग्रामर हे असं लिहितो: फाइल आहे का बघ, नसेल तर बनव. वाचायला बरोबर वाटतं आणि टेबलावर चाचणी घेतली तर चालतंही. पण ‘बघणं’ आणि ‘बनवणं’ यांच्या मधे एक फट आहे. सकाळी मशीन चालू झालं की बिलाचा आणि गोदामाचा प्रोग्राम एकाच क्षणी सुरू होतात. दोघेही बघतात, दोघांनाही फाइल दिसत नाही, दोघेही बनवतात. आता दोघांनाही वाटतं की पोर्ट आपला.

फट बुजवायची तर बघणं आणि बनवणं ही एकच क्रिया असावी लागते, आणि ती कर्नलने करावी लागते. ओपन या कॉलला (कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) ‘ओ-क्रिएट’ आणि ‘ओ-एक्स्क्ल’ हे दोन झेंडे, म्हणजे पर्याय, एकत्र दिले की त्याचा अर्थ होतो: फाइल नसेल तरच बनव, असेल तर नकार दे. दोघे एकाच क्षणी आले तरी एकालाच फाइल मिळते, दुसऱ्याला ‘ई-एक्झिस्ट’ ही चूक मिळते. तिसरी शक्यता नाही.

इथे बरेच लेख थांबतात. पण आणखी एक बारीक फट उरते, आणि ती मला जास्त मजेशीर वाटते. फाइल बनली तेव्हा ती रिकामी असते, पीआयडी पुढच्या क्षणी लिहिला जातो. नेमक्या त्या मधल्या क्षणी दुसऱ्या प्रोग्रामने ती वाचली तर त्याला काहीच मिळत नाही. सीसारख्या काही भाषांत रिकाम्या अक्षरांचा आकडा केला की शून्य येऊ शकतं. मग हा प्रोग्राम ‘शून्य क्रमांकाची प्रोसेस जिवंत आहे का’ असं कर्नलला विचारतो. त्यासाठीच्या कॉलमध्ये शून्याचा अर्थ ‘माझ्याच गटातल्या सगळ्या प्रोसेस’ असा होतो, आणि त्या अर्थातच जिवंत असतात. म्हणजे फाइल बनवून पीआयडी लिहिण्याआधीच पहिला प्रोग्राम कोसळला, तर मागे राहिलेली रिकामी फाइल सगळ्यांना कायम ‘जिवंत माणसाची’ वाटत राहते. पोर्ट मोकळा आहे, पण कोणालाच मिळत नाही. म्हणून वाचलेला पीआयडी शून्याहून मोठा आहे ना, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जुन्या लोकांनी यावर काढलेला तोडगा आजही चांगला आहे. आधी त्याच फोल्डरमध्ये स्वतःपुरत्या वेगळ्या नावाची फाइल बनवायची, तिच्यात पीआयडी लिहून ती बंद करायची. मग लिंक या कॉलने तिला लॉकचं खरं नाव द्यायचं. ते नाव आधीच कोणी घेतलेलं असेल तर लिंक नकार देते. मिळालं तर फाइल पहिल्या क्षणापासून पूर्ण भरलेलीच दिसते. शेवटी आपलं तात्पुरतं नाव पुसून टाकायचं. दोन ओळी जास्त लिहाव्या लागतात, एवढंच.

नंतर पोर्टवर काम करायला वेगळी प्रोसेस काढून मूळची संपवायची असेल, म्हणजे प्रोग्राम मागे जाऊन डीमन होणार असेल, तर लॉकमधला पीआयडी नव्या प्रोसेसचा करायला विसरू नये. नाहीतर लॉकवर अशा प्रोसेसचं नाव राहतं जी आता नाही, आणि पुढचा येणारा ती फाइल बेवारस समजून काढून टाकतो.

रुमाल आहे, माणूस उतरून गेला

लॉक फाइल बनवणं हा या कामाचा सोपा भाग. कस लागतो तो मागे राहिलेल्या फाइलपाशी. प्रोग्राम नीट बंद झाला तर तो जाताना स्वतःची फाइल काढतो. पण तो कोसळला, कोणी ‘किल -९’ मारलं (सक्तीने बंद केलं), किंवा सरळ वीज गेली, तर फाइल तशीच राहते. मुंबईत वीज क्वचित जाते हे खरं, पण गल्ल्याखालच्या एक्स्टेन्शन बोर्डाला पाय लागायचा तो लागतोच.

फाइलमध्ये पीआयडी लिहितात तो यासाठीच. समोर लॉक दिसलं की आतला आकडा वाचायचा आणि कर्नलला विचारायचं, ही प्रोसेस आहे का? विचारायची रीत म्हणजे किल हा कॉल, सिग्नल क्रमांक शून्य. नावावर जाऊ नका, सिग्नल शून्याने कोणी मरत नाही, नुसती चौकशी होते. उत्तर तीन प्रकारचं येतं. यश आलं तर प्रोसेस आहे. ‘ई-एसआरसीएच’ आलं तर नाही, म्हणजे लॉक बेवारस. आणि ‘ई-पर्म’ आलं तर? त्याचा अर्थ प्रोसेस आहे, पण ती दुसऱ्या युजरची असल्याने तिला सिग्नल पाठवायची तुम्हाला परवानगी नाही. म्हणजे जिवंतच. ‘कॉल फसला म्हणजे प्रोसेस मेली’ असा सरधोपट कोड लिहिला की रूटने (मशीनच्या सर्वाधिकारी युजरने) चालवलेल्या प्रोग्रामचं जिवंत लॉक साधा युजर बेवारस ठरवतो. बरीच खाजगी सॉफ्टवेअरं इथे घसरतात.

पीआयडीचा आणखी एक त्रास म्हणजे आकडे पुन्हा वापरले जातात. लिनक्सवर या आकड्यांची मर्यादा पूर्वापार ३२७६८ होती. आता ६४ बिटच्या बऱ्याच मशीनवर ती ४१,९४,३०४ असते, पण मोजणी कधी ना कधी फिरून येतेच. छोट्या मशीनवर तर चाळीस लाखांपर्यंत जायचीही गरज नाही. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर दर वेळी जवळपास त्याच क्रमाने त्याच सेवा सुरू करतो. कालचा ४८१७ बिलाचा प्रोग्राम होता, वीज गेली, आज ४८१७ भलतीच कुठलीतरी सेवा आहे. लॉक बघणाऱ्याला ती जिवंत दिसते आणि तो कायमचा थांबून राहतो. /रन/लॉक मेमरीत असतं, मशीन बंद झालं की पुसलं जातं, म्हणून तिथे ही भानगड होत नाही. ती होते प्रोग्रामरने लॉकसाठी स्वतःचं फोल्डर डिस्कवर काढलं की. ‘परवानगीचा त्रास नको’ म्हणून होम फोल्डरमध्ये लॉक ठेवणारे याच खड्ड्यात पडतात. शिवाय दुसरे प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये डोकावणार नाहीत, म्हणजे लॉक ठेवून न ठेवल्यासारखंच.

आता लॉक बेवारस आहे हे नक्की झालं. काढून टाकायचं? इथेही फट आहे, आणि तीच सगळ्यात वाईट. बिलाचा आणि गोदामाचा, दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी बेवारस फाइल वाचतात आणि दोघांचाही निष्कर्ष एकच निघतो. बिलवाला ती पुसतो आणि स्वतःची नवी बनवतो. गोदामवाला क्षणभर मागे आहे. तो आता ‘ती बेवारस फाइल’ पुसतो, पण त्या नावाची फाइल आता बिलवाल्याची, ताजी आणि जिवंत आहे. ती पुसून तो स्वतःची ठेवतो. दोघेही समाधानाने पोर्ट उघडतात. नाव तेच, आतला माणूस बदललेला, आणि पुसणारा कॉल फक्त नाव बघतो.

जुने प्रोग्राम यावर पुसल्यानंतर जरा थांबून, आपली फाइल बनवून, ती पुन्हा वाचून आत आपलाच पीआयडी आहे ना हे बघतात. त्याने धोका कमी होतो, संपत नाही. दोन्ही प्रोग्राम तुमच्याच हातात असतील तर स्वच्छ मार्ग असा: त्याच फोल्डरमध्ये कधीही न पुसायची एक वेगळी फाइल ठेवा, तिच्यावर एफलॉक (एका वेळी एकालाच मिळणारं, कर्नलने सांभाळलेलं लॉक) घ्या, मगच बेवारस लॉक तपासा, पुसा, नवं बनवा, आणि एफलॉक सोडा. साफसफाई एका वेळी एकानेच करायची, एवढाच त्याचा अर्थ.

आणि मशीन चालू होताना सगळी लॉक सरसकट उडवणारी ओळ स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये घालू नका. मला ती ओळ इतक्या ठिकाणी दिसते की ती कोणत्यातरी क्लासमध्ये शिकवत असावेत. मशीन चालू होताना ती निरुपयोगी आहे, कारण मेमरीतलं फोल्डर तेव्हा रिकामंच असतं. आणि दुपारी कोणी सेवा रीस्टार्ट केली की तीच ओळ शेजारच्या प्रोग्रामचं जिवंत लॉक उडवते.

जागा एक, नाव एक

लॉक फाइलचं सगळं बळ दोघांनी एकच नाव वापरण्यात आहे, आणि नाव निसटायला वाटा भरपूर. बरेच जण यूडेव्हचा (डिव्हाइसना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा) नियम लिहून काट्याला /डेव्ह/काटा असं कायमचं नाव देतात, आणि ते योग्यच आहे. पण ते नाव म्हणजे टीटीवाययूएसबी० कडे बोट दाखवणारी लिंक. एकाने ‘एलसीके..काटा’ बनवलं आणि दुसऱ्याने ‘एलसीके..टीटीवाययूएसबी०’, तर दोघांचीही लॉक बिनचूक आणि दोघेही आत. म्हणून लॉकचं नाव ठरवण्याआधी लिंक सोडवून मूळ डिव्हाइसपर्यंत जावं.

यूएसबीचा एक खास घोळ आहे. प्रोग्रामने पोर्ट उघडलेला असताना केबल निघाली आणि परत लावली, तर जुनं नाव अजून अडकलेलं असतं, म्हणून कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी१ होऊन येतो. टीटीवाययूएसबी० चं लॉक धरून बसलेला प्रोग्राम आता कशाचीच राखण करत नसतो. वाचताना चूक आली की पोर्ट बंद करणं, लॉक काढणं आणि नव्याने सगळं सुरू करणं, एवढं प्रोग्रामला यायलाच हवं.

प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद कप्प्यात, टाकला की आणखी गंमत. कंटेनरच्या आतला पीआयडी १७ बाहेर वेगळाच असतो, आणि आतलं /रन/लॉक बाहेरच्याला दिसत नाही. फोल्डर जोडून दिलं तरी आकड्याला अर्थ उरत नाही.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. डेबियन, उबंटूवर पोर्ट उघडायला युजर ‘डायलआउट’ गटात असावा लागतो. लॉकच्या फोल्डरची परवानगी ही वेगळी बाब आहे आणि ती प्रत्येक डिस्ट्रिब्युशनमध्ये, कधी आवृत्तीगणिकही, वेगळी असते. मिनीकॉम हा सीरियल पोर्टवर बोलायचा प्रोग्राम ‘लॉक फाइल बनवता येत नाही’ म्हणत असेल तर पोर्टची परवानगी तपासत बसू नका, त्या फोल्डरची बघा. सुडो (रूट म्हणून चालवायची आज्ञा) लावून गाडी पुढे ढकलू नका. रूटने ठेवलेली फाइल पुढे साध्या युजरला बहुधा काढताच येत नाही.

कर्नलचे स्वतःचे दोन उपाय

मग कर्नललाच सांगता येत नाही का? येतं, काही अंशी. पोर्ट उघडल्यावर ‘टीआयओसी-एक्स्क्ल’ ही आज्ञा दिली की त्यानंतर तो पोर्ट उघडू पाहणाऱ्याला ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ मिळतं. हा रुमाल नव्हे, खरीखुरी कडी आहे, आणि लॉक फाइल न मानणाऱ्यालाही ती अडवते. पण रूट तिला जुमानत नाही, आणि आधीच आत बसलेल्याला ती बाहेर काढत नाही.

दुसरा उपाय एफलॉक, थेट उघडलेल्या पोर्टवर. हाही सभ्यतेचाच करार, जो विचारेल त्यालाच कळतं. पण त्याचं मोठं सुख म्हणजे प्रोसेस मेली की कर्नल तो स्वतः सोडवतो. बेवारस लॉक, पीआयडी, फटी, वरचा अर्धा लेख एका फटक्यात निकालात. पायथनच्या पायसीरियलमध्ये ३.३ आवृत्तीपासून पोर्ट उघडताना ‘एक्स्क्लुझिव्ह’ खरं ठेवलं की हाच एफलॉक लागतो. त्या भाच्याच्या प्रोग्राममध्ये एवढा एक शब्द हवा होता, आणि बिलाच्या प्रोग्राममध्येही. एकाच बाजूने लावला तर उपयोग नाही. एक सावधगिरी: पोर्ट उघडा ठेवून दुसरा प्रोग्राम सुरू केला आणि उघडलेला पोर्ट वारशाने त्याच्याकडे गेला, तर मूळ प्रोसेस मेली तरी लॉक सुटत नाही.

नवीन काही लिहायचं असेल तर मी तिन्ही लावतो. आधी लॉक फाइल, कारण मिनीकॉम, पिकोकॉम यांच्यासारखी जुनी मंडळी तीच बघत आली आहेत, आणि पोर्टला हात लावायच्या आधी घेता येईल असं तेवढं एकच लॉक आहे. मग पोर्ट उघडायचा, न थांबता परत येणारा एफलॉक मागायचा, तो मिळाला की टीआयओसी-एक्स्क्ल. जाताना आधी पोर्ट बंद, मग लॉक फाइल पुसायची, तीही आत आपलाच पीआयडी असेल तर.

एवढं करूनही कोणीतरी घुसतं. लिनक्स डेस्कटॉपवर मोडेममॅनेजर नावाची सेवा असते. नवं सीरियल डिव्हाइस लागलं की ती ‘तू मोडेम आहेस का’ म्हणून त्याला एटी आज्ञा (मोडेमला द्यायच्या आज्ञा) पाठवून बघू शकते. काटा बिचारा गोंधळतो. यूडेव्हच्या नियमात ‘आयडी-एमएम-डिव्हाइस-इग्नोर’ लिहून तिला त्या डिव्हाइसपासून दूर ठेवता येतं. उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिपचा स्वस्त कन्व्हर्टर लावला की पोर्ट दिसतो आणि लगेच गायब होतो, असा अनुभव खूप जणांना आला. तो ब्रेल डिस्प्ले समजून पकडणारी सेवा होती बीआरएल-टीटीवाय. रास्पबेरी पायच्या पिनांवरच्या सीरियलवर लॉगिनचा कन्सोल बसलेला असू शकतो. यातलं कोण आत आहे हे लॉक फाइलवरून कळेलच असं नाही. खरं उत्तर ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूझर’ या आज्ञा देतात. त्या कर्नलकडची यादी बघतात, कोणाच्या रुमालावर अवलंबून राहत नाहीत.

आता शेटजींकडे परत बघू, कारण त्यांचा प्रश्न लॉकने सुटलेलाच नाही. लॉक लावलं तर बिल बरोबर येईल, पण गोदामाचा प्रोग्राम ‘पोर्ट बिझी’ म्हणून बाहेर उभा राहील. त्यांना दोघांनाही वजन दिसायला हवं आहे. ते काम एकाच प्रोग्रामला पोर्टचा मालक करून होतं. तो काटा वाचतो, आकडा पूर्ण आला का ते बघतो आणि मशीनमधल्या सॉकेटवरून (प्रोग्रामांमधल्या जोडणीवरून) जो मागेल त्याला देतो. बिल आणि गोदाम दोघेही मग पोर्टला हातच लावत नाहीत. असा मालक पायथनमध्ये पन्नास-साठ ओळींत लिहून होतो. लिहायचा नसेल तर ‘सेर-टू-नेट’ हा तयार प्रोग्राम सीरियल पोर्ट नेटवर्कवर उपलब्ध करून देतो. एकाहून जास्त जण जोडायचे तर तसं सेटिंग करावं लागतं. पोर्ट घेताना तोही यूयूसीपीच्या काळातली तीच लॉक फाइल बनवतो. ती बंद करायला त्याला ‘उणे यू’ हा पर्याय आहे, आणि इंटरनेटवरच्या उदाहरणात कुठे तो दिसला तर कॉपी करताना वगळा.